केमोनंतरची तळपायाची आग

केमोथेरपी संपते, केस परत येऊ लागतात, पण तळपायाची आग जात नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. घरातले म्हणतात, ‘अशक्तपणा असेल.’ तो अशक्तपणा नव्हे. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, विनक्रिस्टिन यांसारखी औषधं नसांनाही इजा करतात. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच. ऑक्सॅलिप्लॅटिनचा त्रास तर उपचार थांबल्यावरही २-३ महिने वाढू शकतो. पुढे बऱ्याच जणांचा हळूहळू उतरतो, काहींचा थोडाफार उरतो.

उपचार चालू असताना मुंग्या आल्या तर लपवू नका. डॉक्टर औषधाची मात्रा कमी करू शकतात. वेदनेवर ड्युलॉक्सेटिन नावाची गोळी काहींना उपयोगी पडते. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची आणि मनाने अचानक बंद करायची नाही. ‘नसांची ताकद’ म्हणून दुकानातून काही आणूही नका. अशा गोळ्यांतल्या ॲसिटिल-एल-कार्निटिनने त्रास उलट वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे.

खरा धोका बधिरपणाचा. शेकायच्या पिशवीने कातडी भाजते आणि पत्ता लागत नाही. म्हणून पाणी किती गरम आहे, ते आधी कोपराने पाहा. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालून चाला. देव काही रागावणार नाही! मागे पट्टा असलेली चप्पल वापरा, रात्री उठताना दिवा लावा. आणि रोज झोपण्यापूर्वी तळपाय आरशात पाहा. फोड किंवा जखम दिसली, तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा.