निकालाचा छेद



दहावीचा निकाल लागला की शाळांच्या फाटकांवर ‘शंभर टक्के निकाल’ असे फलक झळकू लागतात आणि त्यांच्या शेजारी महापालिकेची शाळा आरोपीसारखी उभी केली जाते. तुलनेला हरकत नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या शाळेने जनतेला हिशेब दिलाच पाहिजे. प्रश्न आहे तो हिशेबाच्या पद्धतीचा.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. २०१९ साली राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला, महापालिकेच्या शाळांचा अवघा ५३.१४ टक्के. पुढच्याच वर्षी राज्याचा निकाल ९५.३० वर आणि महापालिकेचा ९३.२५ वर गेला. वर्षभरात ना वस्त्या बदलल्या, ना मुलांची घरे. बदलली ती गुणांची पद्धत. भाषा व सामाजिक शास्त्रांतील अंतर्गत गुण २०१९ मध्ये काढून घेतले गेले, २०२० मध्ये ते परत मिळाले. शिवाय करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले. चोवीस टक्क्यांची दरी दोनवर आली म्हणून समता अवतरली असे नव्हे. मात्र आधार काढताच सर्वांत आधी कोण कोसळते, हे २०१९ ने दाखविले. ज्याच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही आणि शिकवणीला पैसा नाही, तोच मुलगा कोसळतो.

दुसरी गोष्ट छेदाची. टक्केवारीतील अंश फलकावर झळकतो, छेद कोणी ठरविला हे कोणी विचारीत नाही. समजा, एका शाळेत नववीत शंभर मुले होती. तिने चाळीस वाटेत गाळली, साठ परीक्षेला बसविली आणि साठही उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के! दुसऱ्या शाळेने शंभरांपैकी पंचाण्णव बसविली, शहात्तर उत्तीर्ण झाली. निकाल ऐंशी टक्के. समाजाच्या पदरात अधिक कोणी टाकले? नववीत नापास करणे, पालकाला ‘दाखला काढून न्या’ असे सुचविणे, १७ नंबरचा अर्ज भरून मुलाला बाहेरून बसविणे, या वाटा सर्वांना ठाऊक आहेत. निकालाचा धाक वाढला की महापालिकेची शाळाही या वाटांचा मोह टाळू शकेलच असे नाही.

याचा अर्थ महापालिकेच्या शाळांना अभय द्यावे असा नव्हे. गरिबी हे कारण असू शकते, सबब होऊ शकत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील प्रत्येक शाळेला, मग ती महापालिकेची असो वा अनुदानित, तेच प्रश्न विचारावेत. नववीत किती मुले आली? त्यांपैकी दहावीला किती बसली? किती उत्तीर्ण झाली? गणित, विज्ञान व इंग्रजीच्या शिक्षकांच्या किती जागा किती दिवस रिकाम्या राहिल्या? उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार हाताशी आहे.

वाटेत गळालेल्या मुलाचे नाव कोणत्याही फलकावर नसते. त्याला हिशेबात परत आणणे, हे समाजवाद्यांचे काम आहे.