पडद्यावरील अक्षर आणि डोळा

हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापूरसारख्या गांवींहि सातबाराचा उतारा आतां प्रथम संगणकाच्या पडद्यावर पाहावयास मिळतो. क्षेत्र हेक्टर-आरांत असतें. दशांशाचा ठिपका नजरेंतून निसटला कीं १.२० चे १२० होतात. नांवांतील अनुस्वाराचीहि तीच गत, आणि चूक अर्जांत उतरली तर कळमनुरीच्या तहसिलीचे हेलपाटे ठरलेले!

देवनागरीस शिरोरेषेवर मात्रा व रफार, खालीं उकार; म्हणून ओळीच्या त्याच उंचींत मूळ अक्षर बारीक होतें. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं पडद्यासाठीं घडविलेला ‘मंगल’ टंक विंडोजबरोबर घरोघरीं पोंचला. परंतु चांगला टंकहि लहान आकारांत गुदमरतो. कंट्रोलची कळ दाबून अधिकचिन्ह दाबावें, अक्षर वाढतें. यांत म्हातारपणाची कबुली आहे असें मानून पुष्कळ लोक संकोचतात. हा संकोच अगदींच व्यर्थ होय.

पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाशीं जुळावा. शेजारीं कोरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा झळकत असेल तर तेज उतरवावें. खिडकी बाजूस असावी, पाठीशीं नव्हे. अंतर हातभर, वरची कड डोळ्यांच्या पातळीस. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास आणखी खालीं, नाहींतर मान अवघडते. पडद्याकडे पाहतांना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. यास्तव दर वीस मिनिटांनीं दूरच्या झाडाकडे क्षणभर पाहावें.

सेवा केंद्रांत पडदा बहुधा चालकाकडे वळलेला असतो, आणि ज्याची जमीन तो शेतकरी तिरपा वांकून पाहतो. पडदा त्याच्याकडे वळवावा, अक्षर वाढवावें, त्याला सावकाश वाचूं द्यावें, छपाई मग.