धंदा जिथं, कर तिथं
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



शहरात म्हणतात, शेतकऱ्याला कर नाही. मग डिझेलच्या दर लिटरमागचा कर कोण भरतो?

२००७ साली व्होडाफोननं हचिसनच्या इथल्या मोबाईल धंद्याचा ताबा घेतला. टॉवर इथं, गिऱ्हाईक इथं; सौदा मात्र केमन बेटावरच्या कंपनीच्या शेअरचा. आयकर खात्यानं सुमारे ११ हजार कोटी मागितले. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायद्यानं हा कर लागत नाही. सरकारनं मागल्या तारखेपासून कायदा बदलला. ती मागची वसुली २०२१ साली सोडली.

ही चोरी नव्हती, कायद्यातली वाट होती. आपली कपाशी, ज्वारी केमनला नेऊन विकता येत नाही. आम्हाला भीक नको. माप तेवढं सगळ्यांना एक लावा!