कुंड्या बदलतांना



माझी पत्नी निवर्तली तेव्हां पुण्याच्या आमच्या गच्चीवर तिच्या ४३ कुंड्या मागें राहिल्या. दोन वर्षें मीं त्यांना नेमानें पाणी घातलें. तरी तिचा आवडता अनंत पिवळा पडूं लागला. मीं पाणी वाढविलें. तो अधिकच खंगला. अखेर मृगाच्या सरी येतांच कुंडी उपडी केली. पाहतों तों माती नांवालाच. मुळांनीं वेटोळीं घालून कुंडीचाच आकार घेतलेला. वरून घातलेलें पाणी कडेनें निसटून जात होतें.

मग रोज चार कुंड्या, असा क्रम ठेविला. आदल्या दिवशीं पाणी द्यावें, म्हणजे मातीचा गड्डा अखंड सुटतो. वेटोळीं बोटांनीं मोकळीं करावीं. कुजलेलीं मुळें कापावीं. नवी कुंडी दोन बोटेंच अधिक रुंद असावी. फार मोठ्या कुंडींत माती ओली राहून मुळें कुजतात. भोंकावर खापरी ठेवून तांबडी माती, जुनें शेणखत व थोडी वाळू भरावी. कांठाशीं इंचभर जागा सोडावी. पुढें आठ दिवस रोप सावलींत ठेवावें.

दर वर्षीं मुलांना वरच्या वर्गांत चढविण्यांत माझी हयात गेली. पण घरच्या रोपांचीही तीच गरज असेल, हें मला सुचलें नाहीं. आषाढाच्या अखेरीस अनंताला नवी पालवी फुटली. फूल अद्याप नाहीं. आपल्या घरीं एखादें झाड रुसलें असेल, तर पाण्याचा तांब्या खालीं ठेवा आणि एकदां त्याचीं मुळें पाहा.