वर्गाची वार्ता घराच्या उंबऱ्यापर्यंत

संमेलनाध्यक्ष महोदय, तालुक्यातालुक्यांतून आलेल्या शिक्षक बंधुभगिनींनो आणि या गावच्या पालकजनहो,

भोगावतीकाठच्या राधानगरीच्या वतीने आपले स्वागत करण्याचा मान समितीने माझ्यासारख्या, केवळ पालक म्हणून शाळेच्या पायऱ्या चढलेल्या शेतकऱ्यास दिला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे ठरविले, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकावर दरमहा १ रुपया दंड मुक्रर केला होता. मुलाचे हात गुरांमागे आणि शेतात गुंतलेल्या त्या काळी तो दंड आवश्यकच होता. परंतु आज, मूल आपणहून शाळेत आणून सोडणाऱ्या पालकास शाळेकडून जे निरोप येतात, त्यांचा सूर अद्याप बव्हंशी दंडाचाच असावा, वही आणली नाही, गुण कमी पडले, सही करून पाठवा, एवढाच त्यांचा मजकूर असावा, हे मला मनापासून सलते.

माझी आई निरक्षर होती. माझ्या प्रगतिपुस्तकावर ती दर सहामाहीस डाव्या हाताचा अंगठा उठवी; त्या अंगठ्याच्या वरच लाल शाईत ‘फळ्याकडे लक्ष नसते’ असा शेरा असे, आणि तो मी तिला कधी वाचून दाखविला नाही. वस्तुतः मला फळ्यावरचे दिसतच नव्हते. मी पुस्तक चिमणीच्या उजेडात नाकाशी धरून वाचतो, हे आई रोज पाहत होती. मी फळ्यावरून चुकीचे उतरवून घेतो, हे गुरुजी रोज पाहत होते. आणि या दोन पाहणाऱ्यांची एकदाही गाठ न पडल्यामुळे मला चष्मा लागण्यास सातवी इयत्ता उजाडावी लागली. गुरुजींना मी दोष देत नाही. ते तळमळीने शिकवीत. पण मुलाविषयीचे अर्धे ज्ञान घरी असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांस नियमित बैठकींतून कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरविले आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, अशी तरतूदही केली आहे. तथापि भातलावणीच्या ऐन दिवसांत सकाळी ११ वाजता सभा बोलवावयाची, चिखलात उभ्या असलेल्या आया आल्या नाहीत म्हणजे इतिवृत्तात ‘पालक उदासीन’ अशी नोंद करावयाची, ही रीत न्यायाची नव्हे. मोबाईलवरच्या गटाचेही तसेच. तो उपयुक्त खरा, पण ज्या घरी एकच फोन आणि तोही ऊसतोडीवर गेलेल्या बापाच्या खिशात, तेथे निरोप पोहोचला असे कसे म्हणावे?

आमच्या एका वाडीवरील शिक्षिकाबाईंची तजवीज मला याहून मोलाची वाटते. दर शनिवारी तिसरीचे प्रत्येक मूल त्या आठवड्यात शिकलेली एक गोष्ट स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिते, घरी मोठ्याने वाचून दाखविते, आणि घरचे जे बोलतील ते त्याखाली उतरवून आणते. एका मुलीने लिहिले, ‘आम्ही अर्धा आणि पाव शिकलो.’ खाली आजीचे उत्तर होते, ‘ते तर माझ्या फडताळात आहे.’ सोमवारी आजी चिपटे, मापटे आणि शेर पदरात घेऊन वर्गात हजर! दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे तिने तांदूळ ओतून दाखविले. आणि पाव शेर म्हणजे एक चिपटे, हे मुलांनी आपल्या हातांनी भरून पाहिले. त्या वहीत तक्रार लिहावयाची नाही, असा बाईंचा दंडक आहे. तक्रार असल्यास बाई सायंकाळी स्वतः घरी जातात, आणि तेथेही आधी मुलाचे एखादे चांगले काम सांगतात.

याच विचाराने उद्याची चर्चा आम्ही रात्री ८ वाजता, रानातली माणसे घरी परतल्यावर ठेवली आहे. मागच्या रांगा पालकांसाठी राखल्या होत्या. त्या पुढे आणाव्यात, अशी माझी कार्यवाहांस विनंती आहे. ती आजीही येणार आहे. आपल्या भोजनाची सोय शाळेच्या ओसरीवर, निवासाची गावातील घरांत केली आहे. ज्या घरी आपण उतराल तेथील मुलाची वही अवश्य मागून पाहा. आपणा सर्वांचे मी अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.