शाळेच्या खिडक्या आणि पाखरे

(कळंब तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



मांजरेकाठच्या या भागातील जुनी घरे माळवदाची. खिडक्या लहान, त्यांना लोखंडी गज व लाकडी झडपा. उजेड उतरे तो छतातील सवण्यातून. तेथे काच नव्हती, म्हणून काचेवर आपटून पाखरू मरण्याचा प्रश्नही नव्हता. आता शाळांना रुंद काचांच्या खिडक्या येत आहेत. वर्गात उजेड आला, हे इष्टच झाले. परंतु त्याच काचेवर एखादा होला वा बुलबुल वेगाने आदळतो आणि मधल्या सुट्टीत मुलांना भिंतीच्या कडेला निपचित पडलेला आढळतो.

पाखरू आंधळे असते म्हणून आदळते, असे नव्हे. काचेत आवारातील लिंब आणि आभाळ जसेच्या तसे उमटतात. समोरासमोर खिडक्या असल्या तर पलीकडचे झाड आरपार दिसते. पाखरू त्या झाडाकडेच झेपावते. माणूस चौकट पाहून काच ओळखतो. पाखराला ती ओळख नाही. दोष काचेचा आहे, आणि काच बसविली माणसाने.

अमेरिकेत शिकागो शहरी ५ ऑक्टोबर २०२३ रोजी मॅकॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीखाली सुमारे एक हजार पाखरे मृत आढळली. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील काचांवर पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके उमटविण्यात आले. त्यानंतरच्या हंगामात बळींची संख्या सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. उपाय इतका साधा आहे.

तो खेड्यातील शाळेलाही परवडतो. पांढऱ्या रंगाचे ठिपके किंवा उभ्या रेघा काचेच्या बाहेरील अंगास काढाव्यात. आतून काढल्यास प्रतिबिंब तसेच राहते. दोन खुणांत पाच सेंटिमीटरहून अधिक अंतर नसावे. एखादे ससाण्याचे चित्र चिकटवून भागत नाही. पाखरू त्याच्या बाजूने जाऊ पाहते. रंग नसेल तर खिडकीबाहेर दहा-दहा सेंटिमीटरवर उभ्या सुतळ्या सोडाव्यात, अथवा काचेपासून थोडी दूर जाळी ताणून बसवावी.

हे काम मुलांच्या हातून करून घ्यावे. १२० सेंटिमीटर रुंदीच्या काचेवर पाच सेंटिमीटरवर किती उभ्या रेघा येतील? कडा सोडून २३. गणिताचा पाठ तेथेच होतो. मात्र उंचावरील काचा मोठ्यांनीच रंगवाव्यात.

उन्हाळ्यात शाळाशाळांतून पाखरांसाठी पाणी ठेवतात. ते भांडे खिडकीपासून अर्ध्या मीटरच्या आत असावे, म्हणजे उडताना पाखराला वेग येत नाही. नाहीतर दहा मीटरपलीकडे असावे.

आदळलेले पाखरू जिवंत असेल तर त्याला हलक्या हाताने उचलून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत व शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी घालू नये, दाणा भरवू नये. तासाभराने खोके बाहेर नेऊन उघडावे. न उडाल्यास पशुवैद्यकास किंवा वनखात्यास कळवावे. नंतर हात साबणाने धुवावेत.

खिडकीखालचे मेलेले पाखरू केरात टाकले गेले, तर पाहणारी मुले एक धडा शिकतात; त्याच दिवशी काचेवर रेघा उमटल्या, तर दुसरा. यांपैकी कोणता धडा द्यावयाचा, हे शिक्षकाच्या हाती आहे.