चूल : अर्थ एक की अनेक?



आज मी तुम्हांस पोथीतला शब्द सांगावयास उभा नाही. तुमच्याच घरातला एक शब्द घेतो : चूल.

तिचा उघड अर्थ सर्वांस ठाऊक आहे. माती, शेण व भुसा मळून आपल्या आयाबहिणी ती घालतात. पुढे सरपणाचे तोंड, बाजूस वैल. वैलाला निराळे लाकूड लागत नाही. थोरल्या चुलीच्या आचेवरच तेथले कालवण ऊन राहते.

परंतु हाच शब्द बोलण्यात आला की त्याचे अर्थ वाढतात. 'त्याची चूल पेटली नाही' म्हणजे लाकडे ओली होती असे नव्हे. घरात दाणा नव्हता. 'भावाने चूल वेगळी मांडली' म्हणजे घर फुटले, पाठोपाठ शेताचे तुकडे पडले. 'चुलीला आवतण' म्हणजे घरातल्या लहानथोर सर्वांना जेवण. 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणजे उणे कोणाच्या घरी नाही?

आता दोन अर्थ पारखून घ्या. बायकांनी 'चूल आणि मूल' पाहावे, असे म्हणतात तेव्हा चुलीचे कुंपण होते. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, त्या हे कुंपण मोडण्याकरिताच.

दुसरा अर्थ जातीचा. कोणाच्या चुलीवरचे कोणी खावे, यावरून माणसाची पायरी ठरविली गेली. ज्वारी तीच, आच तीच. विटाळ तेवढा माणसाला चिकटविला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीस जेवली. ती चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

आज पुष्कळ घरांत ग्यासची शेगडी आली, मातीची चूल मागे पडली. पण ते कुंपण आणि ती पायरी अद्याप कित्येक घरांत शिल्लक आहे. शेगडी बदलल्याने ती जात नाही. म्हणून सांगणे इतकेच : मुलीला शाळेतून काढून चुलीपुढे बसवू नका, आणि चुलीला आवतण द्याल तेव्हा जात विचारू नका. आपल्या भाषेत 'चुलीत घालणे' असाही एक प्रयोग आहे. तो या भेदासाठीच राखून ठेवा.